रुपयाएवढ्या चाईसाठी टाळूभर वस्तरा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीचे लग्न लागले की बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागात लग्नसराई सुरू होते आणि तिच्या मागोमाग ‘दोन तासांत दाट केस’ अशा जाहिराती येतात. ज्यांच्या डोक्यावर चाई पडली आहे म्हणजे गोल चट्टा होऊन केस गेले आहेत, भाजल्याचा व्रण आहे, टाक्यांची खूण आहे किंवा भांग रुंद होत चालला आहे, अशी माणसे त्या वाचून जातात. तिथे बहुतेक वेळा एकच पद्धत चालते. चट्ट्याभोवतीचे चांगले केस वस्तऱ्याने उतरवायचे, मोकळ्या कातडीवर आठ बाय सहा इंची तयार पॅच, म्हणजे जाळीवर केस बांधलेला तुकडा, दुहेरी टेपने नाहीतर गोंदाने चिकटवायचा आणि दर महिन्याला ‘सर्व्हिसिंग’ला बोलवायचे. पाच सेंटिमीटरच्या चट्ट्यासाठी वीस बाय पंधरा सेंटिमीटर जागेचे शाबूत केस जातात. हे थांबले पाहिजे. ज्याचे केस एकाच जागी गेले आहेत त्याला त्या जागेच्या मापाचा, हलका, रोज रात्री काढून ठेवता येणारा पॅच करता येतो, आणि तो करणारे हात याच भागात आहेत. त्यासाठी हे सविस्तर पत्र.

आधी चट्टा कसला आहे ते त्वचारोगतज्ज्ञाकडून कळून घ्यावे. चाईचा चट्टा गुळगुळीत आणि गोल असतो, त्यावर खवले नसतात. कडेला मुळाशी बारीक आणि टोकाला जाड असे आखूड केस दिसले तर तो अजून पसरतो आहे असे समजावे. शंभरात सुमारे दोघांना आयुष्यात कधीतरी चाई होते. किड्याने केस खाल्ले ही समजूत खोटी आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, पण मुळे मरत नाहीत. म्हणून लसूण, गुंजेचा लेप, जमालगोटा चोळून कातडीला फोड आणणे हा मोठा घात आहे. चाईत परत येऊ शकणारा केस त्या फोडाच्या व्रणाने कायमचा जातो. मुलांच्या डोक्यावर खवले, खाज आणि तुटके केस असतील तर बहुधा तो नायटा असतो. त्याला पोटातून औषध लागते आणि तो बरा होईपर्यंत पॅच, टोपी, फणी यांपैकी काहीही दुसऱ्याशी वाटून वापरू नये. कातडी चकचकीत आणि छिद्रे बुजलेली असतील तर तिथे केस पुन्हा येत नाहीत. तिथला पॅच कायमचा धरूनच बांधावा लागतो.

चाई पसरत असेल तर माप घेण्याची घाई करू नये. आज चट्ट्याच्या कडेला क्लिप लावली आणि तीन आठवड्यांनी तेच केस गळले तर पॅच लटकतो, आणि गळू पाहणारे केस क्लिपेने आधीच ओढले जातात. तोपर्यंत स्कार्फ बरा.

आता साचा. अर्धी कामे इथेच बिघडतात. टेपमापाने ‘आठ बाय आठ’ असे लिहून घेतलेला पॅच डोक्यावर कधीच नीट बसत नाही, कारण डोके सपाट नाही. केस ओले करून चपटे विंचरावेत, गाठ किंवा अंबाडा ठेवू नये. डबे गुंडाळायची पातळ प्लास्टिक फिल्म डोक्याभोवती ताणून घ्यावी आणि कानांखाली व मानेवर दुसऱ्या माणसाने धरून ठेवावी. त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे आधी उभे, मग आडवे, मग पुन्हा उभे असे तीन थर द्यावेत. नंतर बोटाने चाचपडत चट्ट्याची कड शोधून ती लाल शाईने आखावी. तिच्या बाहेर दीड सेंटिमीटरवर काळी रेघ, ही पॅचची कड. भांग कुठून निघतो, भोवरा कुठे आहे आणि उजवीकडे फिरतो की डावीकडे, केस कुठल्या दिशेला पडतात, हे सगळे बाणांनी तिथेच दाखवावे. समोरचा चट्टा असेल तर भुवयांच्या मधोमधपासून केसांच्या रेषेपर्यंतचे अंतर लिहून ठेवावे. शेवटी घट्ट, निरोगी केस कुठे आहेत तिथे फुल्या माराव्यात. क्लिपा तिथेच बसणार.

फिल्म सैल राहिली की साचा पाच-सहा मिलिमीटर मोठा होतो आणि जाळीला चुणी पडते. ती चुणी डोक्यावर फुगवट्यासारखी दिसते आणि वाऱ्यात उचलली जाते. केस ओले न करता साचा घेतला तरी हेच होते. साचा काढल्यावर आत कागदाचे बोळे गच्च भरून तो कॅनव्हासच्या नकली डोक्यावर टाचावा. थर्माकोलच्या डोक्यावर टाचण्या दोन दिवसांत ढिल्या होतात.

जाळी तीन प्रकारची मिळते. लेस पातळ आणि हवेशीर, पण नाजूक. मोनोफिलामेंट थोडे कडक, भांगाच्या जागी उत्तम आणि टिकाऊ. तिसरे पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरी कातडीसारखे. ते पुसायला सोपे म्हणून विकणाऱ्यांना आवडते, पण त्यातून घाम बाहेर जात नाही. कणकुंबी-जांबोटीच्या पावसाळ्यात आणि अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात अशा पॅचखाली घामोळे आणि केसांच्या मुळांशी पुळ्या येतातच. आमच्या मते या भागासाठी मध्ये मोनो आणि कडेला लेस एवढेच घ्यावे.

सपाट जाळी टाळूच्या गोलाईवर बसवायची तर ब्लाउजसारखेच टक्स घालावे लागतात. शिवणकाम करणाऱ्या भगिनींना हे सांगायला नको. कटोरी बसवणाऱ्या हाताला टाळू जड नाही. अट एवढीच की टक्साची शिवण चट्ट्याच्या उघड्या कातडीवर येऊ नये, ती लाल रेघेच्या बाहेर केसांवरच संपावी. उघडी कातडी हळवी असते. केस असलेल्या भागावर जी शिवण जाणवतही नाही ती चट्ट्यावर चार तासांत लाल रेघ उमटवते. भाजल्याच्या व्रणावर तर जाळीखाली पातळ मऊ रेशमी अस्तर द्यावेच. जाळी कुठल्या बाजूला ताणते ते आधी हाताने ओढून पाहावे आणि दोन तुकडे जोडताना दोघांची ताणायची बाजू एकच ठेवावी. नाहीतर पहिल्या धुण्यातच जोड गोळा होतो.

बेळगाव-निपाणीकडे आरी वर्कचे भरतकाम करणाऱ्या अनेक महिला आहेत, आणि शहापूर, वडगाव, खासबागेत विणकरांची घरे आहेत. पॅचवर केस बांधायची आकडी आरीच्या सुईची धाकटी बहीणच. आरी साखळीटाका घालते. ही आकडी तिच्याहून बारीक असते आणि तोंडाला माशाच्या गळासारखी वळलेली असते. केस मुळाकडून चार सेंटिमीटरवर दुमडायचे. आकडी जाळीच्या एका धाग्याखालून घालून दुमडीचा फास बाहेर ओढायचा. आकडीवर पुन्हा दोन्ही पदर घेऊन ते त्याच फासातून काढायचे आणि दोन्ही हातांनी ताण देत गाठ आवळायची. केस ज्या दिशेला ओढून गाठ आवळली त्याच दिशेला तो आयुष्यभर पडतो. म्हणून साच्यावरचे बाण महत्त्वाचे. भोवऱ्याची जागा गोल फिरत बांधली नाही तर मागून पाहणाऱ्याला पॅच लगेच कळतो, समोरून कितीही छान असो.

समोरच्या दोन-तीन रांगा एकेरी केसाच्या आणि साध्या गाठीच्या. मध्ये दोन-दोन केस. मागे, जिथे वरचे केस झाकतात, तिथे तीन आणि दुहेरी गाठ. समोर दुहेरी गाठ मारली की काळे ठिपके दिसतात. ते लपवायला ब्लीच लावतात, आणि ब्लीच दोन मिनिटे जास्त राहिले तर गाठीपाशीच केस तुटतो. त्यापेक्षा समोर बारीक केस निवडणे चांगले.

केस किती बांधायचे? इथे सगळ्यांनाच जास्तीचा मोह होतो. पाच सेंटिमीटर व्यासाचा चट्टा, कडेला दीड-दीड सेंटिमीटर धरून पॅच आठ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे 50 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला 100 केस धरले तर 5,000 केस, दोन-दोनच्या 2,500 गाठी. आजूबाजूचे स्वतःचे केस वरून पडत असल्याने एवढे पुरेसे होतात. 70 मायक्रॉन जाडीचा 30 सेंटिमीटर लांब केस साधारण दीड मिलिग्रॅम भरतो, तेव्हा केसांचे वजन साडेसात ग्रॅम. जाळी आणि तीन छोट्या क्लिपा धरूनही पॅच 15 ग्रॅमच्या आसपास राहतो. तयार मिळणारा मोठा, दाट, लांब केसांचा टॉपर, म्हणजे टाळूवर लावायचा मोठा पॅच, सहज 50 ग्रॅमच्या पुढे जातो. तो सगळा भार तीन-चार क्लिपांनी धरलेल्या केसांवर येतो आणि मग तिथेच नवी विरळ जागा तयार होते. कमरेपर्यंत वेणी हवी असेल तर ती पॅचला जोडू नये. त्यासाठी आपले जुने गंगावन आहे, कानडीत ज्याला चौरी म्हणतात; ते खाली स्वतःच्या वेणीत गुंफावे, पॅच वर मोकळाच राहू द्यावा.

केस विकत घेताना फसवणूक फार होते. केसावर माशासारखे खवले असतात आणि त्यांची तोंडे टोकाकडे असतात. तिरुपतीसारख्या ठिकाणी मुंडणात एकगठ्ठा कापलेल्या केसांची मुळे एका बाजूला ठेवता येतात, म्हणून ते गुंतत नाहीत. दारोदार फिरून विंचरलेल्या केसांच्या गुंतवळावर भांडी देणारे जे केस जमवतात त्यात मुळे-टोके मिसळलेली असतात. आपल्या राज्यात कोप्पळजवळच्या भाग्यनगरात केस निवडण्या-विंचरण्याचा मोठा धंदा आहे. तो हजारो बायकांच्या हाताला काम देतो, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण मिसळलेले केस गुंतू नयेत म्हणून आम्लाने खवले काढून वर सिलिकॉनचा लेप दिला जातो. नवे असताना ते रेशमासारखे लागतात; काही धुण्यांत लेप उतरतो आणि मानेपाशी जट व्हायला लागते. पारख सोपी आहे. चार केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवावे, मग उलट. उलट फिरवताना किंचित खरखरीत लागले तर खवले शाबूत. दोन्हीकडे सारखेच निसरडे लागले तर लेप आहे. एक केस जाळून पाहिला तर खरा केस पिसे जळल्याचा वास देतो आणि राख चुरते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो.

रंग दुकानाच्या दिव्याखाली जुळवू नये. दुपारी सावलीत, आणि समोरच्या केसांशी नव्हे तर चट्ट्याशेजारच्या केसांशी जुळवावा. मेंदी लावणाऱ्यांचे पांढरे केस तांबूस असतात. त्यांच्या पॅचमध्ये शुभ्र केस मिसळले तर पाकिटातून काढल्यासारखे दिसतात.

आता क्लिपा, म्हणजे आरामाचा सगळा प्रश्न. सुमारे तीन सेंटिमीटरच्या, टिचकीने बंद होणाऱ्या, आतून सिलिकॉनची नळी असलेल्या क्लिपा घ्याव्यात. नळी नसलेली क्लिप मऊ केसांवरून घसरते, मग माणूस ती घट्ट करायला केसांची जाड बट कोंबतो आणि कपाळ दुखू लागते. क्लिप पॅचच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत शिवावी, नाहीतर बाजूने चमकते. दर छिद्रातून नायलॉनच्या दोऱ्याचे तीन टाके पुरतात. गाठ वर, कातडीकडे नको. समोरची क्लिप मागे सरकवत लावायची, दोन्ही बाजूंच्या तिरप्या. लावण्याआधी त्या जागचे केस मुळाशी फणीने उलटे दोन-तीन वेळा विंचरले तर पकड येते. केस किमान पाच सेंटिमीटर लांब हवेत. पुरुषांनी पॅच करायचा ठरवला की चट्ट्याभोवतीचे केस कापणे थांबवावे, ते याचसाठी.

रोज त्याच केसांवर क्लिप बसली तर काही महिन्यांत तेही विरळ होऊ शकतात. म्हणून पॅच करतानाच कडेला क्लिपा बांधायच्या कापडी नाड्यांच्या दोन जोड्या शिवून घ्याव्यात आणि दर आठवड्याला क्लिपेची जागा बोटभर सरकवावी. एवढे एक काम बहुतेक दुकाने करत नाहीत आणि त्यावरच सगळे अवलंबून आहे. झोपताना पॅच काढलाच पाहिजे. हेल्मेट घालणाऱ्यांनी टाळूवरची क्लिप टाळून बाजूंना दोन लावाव्यात. गजरा पॅचला माळू नये. ओला मोगऱ्याचा गजरा पॅचपेक्षा जड असतो. तो खाली स्वतःच्या केसांत माळावा. पदर डोक्यावर घेणाऱ्यांनी पिन पॅचला न टोचता कानामागे टोचावी.

कानामागून मानेपर्यंत पट्ट्यासारखी गेलेली चाई क्लिपांना दाद देत नाही, कारण खाली धरायला केसच नसतात. तिथे वरच्या केसांखाली आडवी पट्टी लावून तिच्यावरून केस लोंबते सोडावे लागतात. कपाळाच्या कडेचा चट्टा असेल तर कापडी हेअरबँडलाच केस बांधून द्यावेत, क्लिप अजिबात नको. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या श्रद्धेने वर्षानुवर्षे वाढवलेली जट काढल्यावरही टाळूवर विरळ जागा दिसते, कारण जटेच्या ओझ्याने केस ओढले गेलेले असतात. तिथे लगेच पॅच लावू नये. उरलेले केस पाच-सहा सेंटिमीटर वाढेपर्यंत ओढणीच बरी.

टेप वापरायचीच वेळ आली, समजा लग्नाच्या एका दिवसासाठी, तर कानामागे छोटा तुकडा 48 तास लावून पाहावा. खाज किंवा लाली आली तर नाही म्हणजे नाही. चाईच्या चट्ट्यावर, व्रणावर, नायट्यावर टेप कधीच नको. चाईवर डॉक्टर चार ते सहा आठवड्यांनी सुया देतात, तेव्हा जागा उघडी मिळाली पाहिजे. चिकटवलेला पॅच उपचाराच्याच आड येतो. सुई दिलेल्या दिवशी पॅच लावू नये.

डोक्याला तेल लावायची आपली सवय चांगली आहे, पण जाळीला तेल लागले की गाठी सुटतात. तेल रात्री लावावे, सकाळी न्हाऊन कोरड्या डोक्यावर पॅच. पॅच सात-आठ वेळा वापरल्यावर धुवावा, पावसाळ्यात पाच वेळांनी. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर शाम्पू, त्यात बुडवून वरखाली करायचा, चोळायचा नाही. कंडिशनर फक्त टोकांना. गाठींना लागला तर केस निसटतात. पालथ्या तांब्यावर जुना रुमाल घालून सावलीत वाळवावा. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात, शेवटचे पाणी साठवलेले पावसाचे किंवा गाळलेले घ्यावे.

शाळांना एक विनंती. दोन घट्ट वेण्या रिबिनीने वर बांधायचा नियम चाई असलेल्या मुलीला जाचतो. भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस ताणले जातात आणि चट्टा नेमका उघडा पडतो. मराठी असो की कानडी माध्यम, अशा मुलीला एक सैल वेणी आणि शाळेच्या रंगाचा हेअरबँड किंवा स्कार्फ घालू द्यावा. चाई संसर्गजन्य नाही, हे वर्गशिक्षकांनी बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलींना सांगावे.

गावोगावच्या स्त्रीशक्ती गटांनी आणि शिवणवर्गांनी साचा घेणे आणि टक्सासह जाळी बसवणे एवढे तरी शिकवायला घ्यावे. गाठी बांधण्याचे काम आरीवाल्या भगिनी घरी बसून करू शकतात. दुकानदारांनी बिलावर जाळीचा प्रकार, केस खरे की कृत्रिम, लांबी, ग्रॅममध्ये वजन आणि क्लिपांची संख्या लिहून द्यावी, आणि ग्राहकांनी ती मागून घ्यावी.

आणि साचा टाकून देऊ नये. त्यावर तारीख घालून तो घरी ठेवावा. तीन महिन्यांनी तोच साचा ओल्या केसांवर बसवून चट्ट्याची कड निराळ्या शाईने पुन्हा आखली तर चाई पसरते आहे की आवरते आहे ते दिसते, डॉक्टरांनाही दाखवता येते. चाईत परत येणारे केस सुरुवातीला पांढरे आणि बारीक असतात. त्यांना घाबरून उपटू नये. ते जाळीच्या छिद्रातून वर येऊ लागले की मधल्या गाठी विरळ करून घ्याव्यात, दोन-तीन सेंटिमीटर वाढले की पॅच घरात असताना काढूनच ठेवावा.

आपले,
केसांचे पॅच बांधणारे काही कारागीर,
बेळगाव, खानापूर, निपाणी